विश्राममास्तरांची घरांची वही

पेडण्याहून फोन आला, "मास्तर गेले," तेव्हा माझ्या तोंडून पहिले शब्द निघाले ते "कोण म्हणतं?" असे. रडणं नाही, "अरे देवा" नाही... कोण म्हणतं! फोन करणारी ताईची शेजारीण बिचारी गडबडूनच गेली. "मीच म्हणतंय गे बाय. तासभर झालो. खुर्चेर बसल्या बसल्या गेले." तरीही मी ताईला फोनवर बोलवायला लावलं, तिचा आवाज कानांनी ऐकला, आणि मगच खाली बसले. माझा स्वभावच असा आहे. भाजीवालीच्या तराजूपासून डॉक्टरच्या गोळीपर्यंत मी कशावरही एका फटक्यात विश्वास ठेवत नाही. घरातले हसतात, मुलगा म्हणतो आई पोलिसात हवी होती. हसू देत. पण ह्या स्वभावाने एका चांगल्या माणसाचं काय केलं ते सांगण्यासाठीच आज लिहायला बसले आहे, तेव्हा तो आधीच कबूल करून टाकलेला बरा.

मास्तर म्हणजे विश्राममास्तर. माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा, माझे भावजी. सगळा जन्म पेडणे तालुक्यातल्या पोरांना इंग्रजी शिकवण्यात गेला. शिष्य उदंड, त्यामुळे बाराव्याला अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. माझ्या माहेरच्या गावाहूनही चार-पाच म्हातारी माणसं आली होती. फोटोला हात जोडले, ताईला "आमच्या पोरांक शिकयलां त्येंनी" म्हणाली, पानावर बसून जेवली. जेवून उठल्यावर विहिरीपाशी चूळ भरता भरता त्यातला एक दुसऱ्याला म्हणाला, "मनीस बरो होतो रे. ती वही तेवढी सासऱ्याक विकूक नको होती." दुसऱ्याने मान हलवली, हात झटकले आणि सुपारी मागितली. मी मागेच उभी होते, हातात पाण्याचा तांब्या घेऊन. पस्तीस-छत्तीस वर्षं झाली त्या गोष्टीला, माणूस गेला, बारावं झालं, तरी वही काही त्याच्या मानेवरून उतरली नाही. भावजींनी ती वही विकली नव्हती. हे जगात कुणाला पक्कं ठाऊक असेल तर ते मला. त्यांच्या नावावरचा हा डाग पुसला जावा एवढीच माझी आता इच्छा आहे, आणि तो पुसायचा तर सगळं पहिल्यापासून सांगायला हवं.

ताईला बघायला आले तेव्हाच मला हा माणूस संशयास्पद वाटला होता. आमचा गाव तेरेखोलच्या नदीकाठी, तेव्हा धड रस्ता नाही, वीज नाही. शिकलेला, सरकारी शाळेतला मास्तर, दिसायला नाकीडोळी नीटस, असा मुलगा पायी चिखल तुडवत आमच्याकडे कशाला येईल? नक्की काहीतरी खोट असणार. मी दाराआडून पाहत होते. बाबांनी विचारलं, मुलीला काही विचारायचं आहे का, तर हे म्हणाले, "तुमच्याकडे ह्या बाहेरच्या खोलीला काय म्हणतात?" ताई म्हणाली, "साल." हे म्हणाले, "आमच्याकडेही." झालं, एवढ्यावर लग्न ठरलं! मी ताईला रात्री म्हटलं, "गे, ह्या माणसाचा डोळा तुझ्यावर नाही, घरावर आहे." माझं तोंड तेव्हापासूनच फाटकं.

आम्ही दोघी बहिणीच, भाऊ नाही. बाबांचं नारळाचं भाट होतं, फार मोठं नव्हे, पण नदीपर्यंत पोचणारं. आणि भाट म्हटलं की भाटकार आला, भाटकार म्हटला की मुंडकार आले. गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, मुंडकार म्हणजे भाटकाराच्या जमिनीत घर बांधून राहणारी कुटुंबं. आमच्या भाटात अशी सात होती. त्यातली एक रुक्मिण, लवकर विधवा झालेली, आणि तिची एकुलती एक मुलगी मंगल. मातीच्या भिंती, वर माडाच्या चुडतांचं, म्हणजे झावळ्यांचं शाकार, आणि दाराला चुडतांचीच विणलेली झडप. लाकडी चौकट बसवायची नाही, असा बाबांचा दंडक होता. चिरे लावायचे नाहीत, नळे, म्हणजे कौलं घालायची नाहीत. कच्चं होतं तोवर ते बाबांचं. पक्कं झालं तर कुणाचं, हा प्रश्न उभा राहणार.

आणि दरवर्षी चैत्र संपता संपता सातही घरची माणसं एकेक नारळ घेऊन आमच्या पायरीशी येत. नारळ पायरीवर ठेवायचा आणि गप्प उभं राहायचं. बाबा थोडा वेळ दुसरंच काहीतरी बोलायचे, आंब्याला मोहर कसा आहे, गाय दूध किती देते... आणि मग म्हणायचे, "शाकार." एवढा एकच शब्द. तो मिळाला की भाटातली चुडतं उचलायची, विणायची आणि घर शाकारायचं. तो शब्द मिळाल्याशिवाय कुणी एक चुडत उचललेलं मी पाहिलं नाही. मुंडकारांचा कायदा आला, पेपरात छापून आला, घर आता राहणाऱ्याचं होऊ शकतं म्हणून सभाही झाल्या. तरी आमच्या वाड्यावरची माणसं चैत्रात नारळ घेऊन पायरीशी यायची ती यायचीच. बाबा त्या नारळांकडे बघून खूश असायचे. मीही असायचे, लपवून काय उपयोग? भाट पुढे माझ्याकडे येईल असं बाबा बोलून दाखवायचे, ताईला पेडण्यात घर होतंच म्हणून.

मंगल भावजींच्या वर्गात होती. एक दिवस त्यांनी फळ्यावर हाऊस हा शब्द लिहिला, खाली कौलारू घराचं चित्र काढलं. ही उठून उभी राहिली आणि म्हणाली, "मास्तर, आमची खोप आसा. तिका हाऊस म्हटल्यार चलता?" वर्ग हसला. भावजी हसले नाहीत. "चौकशी करून सांगतो," म्हणाले. आता दुसऱ्या कुठल्याही मास्तराने "हो, चालतं, बस खाली" म्हटलं असतं की नाही? पण हा माणूस त्या संध्याकाळी घरी आला तो डोक्यात भुंगा घेऊन. बेळगावच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानातून आणलेला, पुठ्ठा गेलेला एक जाडजूड इंग्रजी कोश त्यांच्याकडे होता. त्यात घुसले ते घुसलेच. ताई सांगायची, जेवणाचं ताट निवून जायचं.

मग आम्ही भेटलो की हाऊस. चहात उंडे पाव बुडवताना हाऊस, चवथीला गणपतीवर फळांची माटोळी बांधताना हाऊस. हजार वर्षांपूर्वी इंग्रज त्याला 'हूस' म्हणत, जर्मनांचा आणि डचांचा शब्द त्याच घरातला. अगदी जुन्या एका भाषेत तर तो सापडतो तो फक्त देवळाच्या नावात, देवाचं घर म्हणून. नवऱ्याला हजबंड म्हणतात त्यातही हेच घर दडलेलं आहे, मूळ अर्थ घराचा धनी. मी विचारलं, "आणि बायकोला?" तर म्हणाले, "हाऊसवाइफ. पण सांभाळ, त्याच शब्दाचा पुढे घासून घासून इंग्रजांनी एक बायकांना द्यायचा अपशब्दही केला." म्हटलं, वा रे वा! घर बाईने सांभाळायचं, धनी तो आणि शिवी हिला! ते खो खो हसले. कुंडलीतल्या घरांना हाऊस, नाटकाचा प्रेक्षक तो हाऊस, विधानसभा ती हाऊस, गोगलगाय पाठीवर घेऊन फिरते ते सुद्धा हाऊस. "आणि मंगलची खोप?" मी चिडवलं. "तेच तर पाहतोय," म्हणाले. "कोश सांगतो, माणसाने राहण्यासाठी केलेला कुठलाही आडोसा. भिंत कशाची, छप्पर कशाचं, याची अटच नाही, सुले." मला सुले म्हणणारे ते एकटेच.

इथवर ठीक होतं. पण मग त्यांच्या मनात आलं की इंग्रजांनी आपल्या एका शब्दाची एवढी मोजदाद ठेवली, तर आपण आपल्या शब्दांची का ठेवू नये? त्यांनी एक लांबट, कापडी बांधणीची वही आणली आणि रविवारी रविवारी आमच्या भाटात फिरायला लागले. खोप, मांगर, घर, बिराड, माटव... कोण कशाला काय म्हणतं ते लिहायचं. आणि इथे त्यांनी ती चूक केली, जी फक्त कोशाच्या नादी लागलेला मास्तरच करू शकतो. कोशात प्रत्येक अर्थाखाली पुरावा असतो ना, कुणी तो शब्द केव्हा वापरला? तसाच पुरावा त्यांनी वहीत घेतला. घराचं नाव काय, तुम्ही ह्याला घर म्हणता ते केव्हापासून, तुमच्या आधी इथे कोण राहत होतं, शाकार कोण घालतं... आणि खाली सांगणाऱ्याची सही. सही येत नसेल त्याचा अंगठा, बाजूला शेजाऱ्याचा.

तुम्हीच सांगा, मुंडकाराच्या घराबद्दल असा कागद कुणी पाहिला तर त्याला काय वाटेल?

वाड्यावरच्या लोकांना जे वाटायचं ते वाटलं. मास्तरांच्या वहीत घर लागलं म्हणजे घर राहिलं, असा त्यांनी पक्का समज करून घेतला. रुक्मिण तर भावजी दिसले की लांबूनच विचारायची, "मास्तर, आमचां घर लागलां मां वहीत?" ते म्हणायचे, "लागलं, लागलं." ते शब्दाबद्दल बोलत होते आणि ती छपराबद्दल. भावजींना हे कळत नव्हतं का? मला अजून सांगता येत नाही. कधी वाटतं अगदी भोळे होते... कधी वाटतं, सगळं समजून उमजून लोकांचा तो समज त्यांनी राहू दिला.

दिवसही वाईट होते. घटक राज्य व्हायच्या आदलं ते वर्ष. राजभाषेवरून घराघरात दोन तट पडले होते. बोलायचो एक, लिहायचो एक, आणि एकमेकांकडे बघायचो ते डोळे बारीक करून. भावजी मराठीत लेख लिहिणारे, म्हणून कोकणीवाले त्यांना आपलं मानत नव्हते. वाड्यावरच्या बायकांच्या तोंडचे शब्द जसेच्या तसे वहीत उतरवत होते, म्हणून मराठीवाल्यांना ते कोकणीचे हेर वाटत. शाळेत एकाने तोंडावर विचारलं, "मास्तर, तुम्ही नक्की कुठल्या बाजूचे?" हे म्हणाले, "मी छपराच्या बाजूचा." असली उत्तरं देऊन का कुणाचा संशय फिटतो? उलट वाढतोच.

बाबांचा संशय तर आकाशाला पोचला होता. एका दुपारी ओसरीवर अडकित्ता खाली ठेवून मला म्हणाले, "सुलू, तुजो भावजी भाटात हिंडता कित्याक?" मी म्हटलं, "शब्द गोळा करतात." बाबा म्हणाले, "शब्द? शब्दाक आंगठे कित्याक लागतत?" मी सुपारीचं तबक त्यांच्यापुढे सरकवलं. तोच प्रश्न मला महिनाभर कुरतडत होता. ताईला भाटातला वाटा मिळणार नाही म्हणून हा गोडबोल्या माणूस मुंडकारांच्या हातून भाटच मोडून काढतोय... असं माझ्या मनाने घेतलं होतं. साधा, दोन सदऱ्यांवर वर्ष काढणारा माणूस! पण संशयाला डोळे कुठे असतात.

शिगम्याला, म्हणजे होळीच्या सणाला ताई आणि भावजी आमच्याकडे आले. दुपारी रोमटाची मिरवणूक बघायला बाबा सोडून सगळी माणसं देवळापुढच्या मांडावर गेली. ढोल-ताशांचा आवाज घरापर्यंत येत होता. डोकं दुखतंय म्हणून मी मागे राहिले. दुखत नव्हतं. भावजींची पिशवी सालीतल्या जनेलाच्या, म्हणजे खिडकीच्या कठड्यावर होती. मी ती उघडली, वही काढली आणि बाबांच्या हातात नेऊन दिली. कुणी मला सांगितलं नव्हतं. बाबांनी सुद्धा नाही. वही मी घेतली.

बाबांनी चष्मा लावून पानं चाळली. सातही घरं होती, कोण केव्हापासून राहतं ते होतं, अंगठे होते. त्यांचा चेहरा पांढरा पडला. "न्हाणीत चुलीत घाल," म्हणाले. मी न्हाणीत गेले, चुलीपुढे बसले, आणि वही पदराखाली घालून तशीच परत आले. का जाळली नाही? पश्चात्ताप झाला म्हणून, असं लिहायला मला आवडलं असतं. तसं नव्हतं. उद्या गोष्ट अंगावर आली तर बाबा हात वर करतील आणि सगळं माझ्यावर ढकलतील, असं मला वाटलं. माझ्याकडे काहीतरी असावं म्हणून ठेवली. जन्मदात्या बापावरही संशय! वही माझ्या पेटीत, साड्यांच्या तळाशी गेली.

संध्याकाळी भावजींनी पिशवी उलटीपालटी केली, जनेलाखाली पाहिलं, मांडावर जाऊन आले. आल्यावर कुणालाच काही विचारलं नाही. मला सुद्धा नाही.

चैत्र सरला. सातजण सात नारळ घेऊन पायरीशी आले. बाबांनी सहांना "शाकार" म्हटलं. रुक्मिणीशी मात्र आंब्याबद्दल बोलले, गाईबद्दल बोलले, आणि उठून आत गेले. तिची मुलगी शिकत होती, कायद्याचं बोलत होती, आणि वहीत सगळ्यात जास्त मजकूर तिच्याच घराचा होता. ती संध्याकाळपर्यंत उभी होती. दुसऱ्या दिवशी पुन्हा नारळ. तिसऱ्या दिवशी पुन्हा. कुणी तिला जा म्हटलं नाही, हाकललं नाही, घराला बोट लावलं नाही. फक्त तो एक शब्द दिला नाही. मंगल म्हणत होती आपण चुडतं उचलू, बघू कोण काय करतो. रुक्मिणीचा हात धजेना. शेजाऱ्यांनीही आपल्यातली चुडतं दिली नाहीत, उद्या आपला नारळ तसाच राहील ह्या भीतीने.

भावजी धावत आले. बाबांसमोर हात जोडून उभे राहिले... जावई सासऱ्यापुढे! "तिची चूक नाही. मी विचारलं म्हणून तिने सांगितलं. तो कोशासाठी घेतलेला मजकूर होता." बाबा शांतपणे म्हणाले, "बरा. मग शब्द गावलो मां? बसा आता." तेव्हा भावजींनी वळून माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. गणित चुकलेल्या हुशार मुलीकडे मास्तर बघतो तसं काहीतरी. मी ताटं घ्यायचं निमित्त करून आत निघून गेले.

वाड्यावरच्या लोकांनी ठरवलं, मास्तरांची वही घेऊन मामलेदाराकडे जायचं. भावजींना ती मागितली. ते म्हणाले, "माझ्याकडून हरवली." "खंय?" "फेरीबोटीतून उतरताना. पाण्यात पडली असावी." माझं नाव घेतलं असतं तर एका वाक्यात सुटले असते. पण मग माझं लग्न ठरत होतं ते मोडलं असतं, ताईचं माहेर तुटलं असतं... हे सगळं त्यांनी तिथे उभ्या उभ्या जोखलं असणार. लोक काही खुळे नव्हते. शिगम्याला सासुरवाडीला आलेल्या जावयाची वही नेमकी तेव्हाच पाण्यात पडते? विकली! सासऱ्याला विकली, भाटातल्या वाट्यासाठी. त्या दिवसापासून हे गावात ठरून गेलं.

मृगात रुक्मिणीच्या भिंती फुगल्या, आर्द्रा लागल्यावर बसल्या. उघड्या मातीला किती दम असणार? माणसं वाचली, भांडी वाचली. भावजींनी दोघींना पेडण्याला आपल्या घरामागच्या मांगरात, सामान ठेवायच्या खोपटात नेऊन ठेवलं, त्याला चिऱ्यांची भिंत बांधली, फणसाच्या लाकडाची चौकट बसवली, मंगलला नर्सिंगच्या शिक्षणाला घातलं. तर लोक काय म्हणाले? "पाप फेडता." चांगलं करावं तरी पुरावा ठरतं, अशी त्या माणसाची गत झाली. आणि मी? मी लग्न होऊन डिचोलीला आले. बाबांच्या मागे भाट माझ्याकडे आलं, मी ते विकलं, आज तिथे पर्यटकांसाठी कंपाऊंड आणि आत पोहायचा तलाव आहे. डिचोलीतलं माझं घर त्यातूनच उभं राहिलं. चिऱ्यांचं, चौकटीचं.

भावजी माझ्याशी कधी वेगळं वागले नाहीत. तीच थट्टा, तेच सुले. मी मात्र प्रत्येक वाक्याच्या मागे डोकावून बघायची, ह्याला माहीत आहे की नाही? एकदाच, माझ्या घराच्या वास्तुशांतीला, पंगत उठल्यावर मी उगीच काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "काय भावजी, हाऊसचं मूळ सापडलं की नाही शेवटी?" ते हातातला विडा दुमडत म्हणाले, "नक्की कुणालाच माहीत नाही, सुले. एक तर्क आहे. झाकणे, लपवणे अशा अर्थाच्या जुन्या धातूपासून आला असावा." विड्याला लवंग टोचली. "तर्कच आहे. सिद्ध कुणी केलेलं नाही." आणि विडा तोंडात टाकून माझ्या मुलाला कडेवर घेऊन बाहेर गेले. मला त्या रात्री झोप आली नाही. सांगायला हवं होतं तेव्हा. एवढा मोठा दरवाजा त्यांनी उघडा ठेवला होता आणि मी त्यांना मागून हाक मारून "वरण कसं झालं होतं?" विचारलं. आज ते आठवून माझं मलाच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

बाराव्याहून परत आले आणि पेटी उघडली. वही घेऊन मंगलकडे गेले. ती आता दवाखान्यात मुख्य नर्स आहे, पेडण्यातच राहते, रुक्मिण जाऊन बरीच वर्षं झाली. मी सगळं सांगितलं, बसायच्या आधीच. तिने आईचा अंगठा पाहिला, त्यावरून आपलं बोट फिरवलं. मी वाट पाहत होते, ती ओरडेल, शिव्या देईल. ती म्हणाली, "मास्तरांक सांगलास?" म्हटलं, "नाही." "कधीच?" "कधीच नाही." मग ती उठली, चपला घातल्या. "माका सांगान काय उपयोग? मी त्येंच्यार कधी संशय घेवकच नाय. वाड्यार चला."

गेलो. वाड्यावर आता सगळी कौलारू, स्लॅबची घरं, नदीच्या बाजूला सरकलेली. देवळासमोर संध्याकाळी म्हातारी माणसं बसतात, तिथे मी उभी राहिले. वही हातात धरून सांगितलं, वही भावजींनी विकली नाही, पाण्यात पडली नाही, ती मी चोरली, शिगम्याच्या दिवशी, आमच्या सालीतून. मंगल बाजूला उभी होती. शब्द न शब्द स्पष्ट बोलले. सगळे ऐकत होते. मग त्यांनी एकमेकांकडे पाहिलं... ते बघणं मी ओळखते. जन्मभर मी तेच करत आले आहे.

बाबलो, त्यांच्यातला सगळ्यात वडीलधारा, काठी टेकत उठला आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. "बाय, तुजां मन मोठां. भैणीच्या घोवाचां नाव राखूक सगळां आपल्या माथ्यार घेतंस. वही भाटकाराच्याच घरात गावतली, आनी खंय गावतली? पण तू आता खंती होव नको. मास्तराक आमी माफ करून वर्सां झाली."

"माफ कशाला? त्यांनी केलंच नाही!" मी ओरडले. खरंच ओरडले, देवळाच्या दारात. "मी केलं! मी!"

"होय, होय," बाबलो म्हणाला, आणि सगळ्या म्हाताऱ्यांनी मायेने माना हलवल्या. कुणीतरी माझ्यासाठी पाणी आणायला उठलं.